पिकअपच्या मागच्या आसातले गणित

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर शहरातून पश्चिमेकडे निघालेला आय-७० हा महामार्ग रॉकी पर्वतात चढत चढत आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत जातो. या बोगद्याचे पश्चिमेकडचे तोंड समुद्रसपाटीपासून ११,१५८ फुटांवर, म्हणजे सुमारे ३,४०० मीटरवर आहे. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच आहे. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी बोगद्याचे तोंड शंभर मीटर वरच राहील!

काही वर्षांपूर्वी आम्ही त्या राज्यातल्या एका प्रयोगशाळेत काम करीत होतो. पर्वताच्या पलीकडच्या बाजूला ठेवलेली काही उपकरणे डेन्व्हरकडे परत आणायची होती. एका सहकाऱ्याकडे जुना पिकअप होता. तो त्याने एका मैदानी राज्यातून वापरलेला असा विकत घेतला होता. इंजिन दणकट, गाडी निगा राखलेली. मागे दीड टनाचा ट्रेलर जोडला आणि डिलन गावाहून आम्ही बोगद्याकडे निघालो. हा चढ सुमारे आठ मैलांचा आहे आणि त्याची तीव्रता ७ टक्क्यांपर्यंत जाते. दोन मैल गेलो नाही तोच गाडीचे काहीतरी बिनसले. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुसऱ्या गिअरमध्ये टिकेना. पहिल्यात गेला की इंजिन किंचाळे, दुसऱ्यात आला की गाडी मंदावे, की पुन्हा पहिला. तापमानाचा काटा वर सरकू लागला. शेवटी रस्त्याकडेला थांबून इंजिन निवू द्यावे लागले.

परत आल्यावर गाडी गॅरेजमध्ये नेली. आमची खात्री होती की गिअरबॉक्स गेला. मिस्त्रीने बॉनेट उघडलेच नाही. त्याने मागचे एक चाक जॅकवर उचलले, टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने खुणा केल्या, चाक हाताने बरोबर दोन वेळा फिरवले आणि शाफ्टचे फेरे मोजले. तीन फेरे आणि वर अगदी थोडेसे. त्याचा निर्णय तिथेच झाला. गाडीला काही झालेले नव्हते, ती सपाट प्रदेशासाठी घडवलेली होती, एवढेच!

हे 'तीन आणि वर थोडेसे' काय आहे आणि एवढ्याशा आकड्यावरून मिस्त्रीला सगळे कसे कळले, ते या लेखात पाहू.

मालगाडीच्या किंवा पिकअपच्या मागून वाकून पाहिले तर दोन चाकांना जोडणाऱ्या आसाच्या मधोमध भोपळ्यासारखा एक फुगवटा दिसतो. गिअरबॉक्सकडून येणारा लांब शाफ्ट त्यात शिरतो. आत शाफ्टच्या टोकाला एक लहान दंतचक्र असते, ते पिनियन. ते एका मोठ्या दंतचक्राला फिरवते, ते क्राऊन. क्राऊन डिफरन्शियलमार्फत दोन्ही चाकांना फिरवते. क्राऊनचे दाते भागिले पिनियनचे दाते म्हणजे मागच्या आसाचे गुणोत्तर. गुणोत्तर ३.०८ असेल तर शाफ्टच्या ३.०८ फेऱ्यांत चाकाचा एक फेरा होतो. (मिस्त्रीने चाक दोनदा का फिरवले, याकडे शेवटी येऊ.)

अमेरिकेत पिकअप ही शेतकऱ्यापासून सुतारापर्यंत सर्वांची गाडी. नवी घेताना इंजिन आणि रंग निवडावा तसे हे गुणोत्तरही बऱ्याच वेळा निवडता येते. जनरल मोटर्सच्या १९९० च्या दशकातल्या पिकअपमध्ये ३.०८, ३.४२, ३.७३ आणि ४.१० अशी गुणोत्तरे असत, आणि कोणते बसवले आहे याचा सांकेतिक क्रमांक डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या चिठ्ठीवर छापलेला असे. 'जीयू४' म्हणजे ३.०८, 'जीटी४' म्हणजे ३.७३. जुनी गाडी घेणाऱ्याने कप्पा उघडून ही चिठ्ठी वाचली तर बराच मनस्ताप वाचतो.

इथे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात. असले विचित्र आकडे का? सरळ ३ किंवा ४ का नाही? याचे उत्तर इयत्ता सहावीच्या गणितात आहे. ३.७३ म्हणजे ४१ भागिले ११. ३.४२ म्हणजे ४१ भागिले १२. ४.१० म्हणजे ४१ भागिले १०. ३.०८ म्हणजे ४० भागिले १३. प्रत्येक जोडीत १ खेरीज सामाईक विभाजक नाही. समजा आपण ४० आणि १० दात्यांची जोडी केली. मग पिनियनचा एक ठरावीक दाता क्राऊनच्या त्याच त्या चार दात्यांवर जन्मभर आपटत राहील. त्या दात्यावर बारीकसा दोष असेल तर ते चार दाते लवकर झिजतील आणि बाकीचे कोरे राहतील. ४१ आणि ११ घेतले तर तीच जोडी पुन्हा भेटायला ४५१ दाते जावे लागतात, म्हणजे पिनियनचे पूर्ण ४१ फेरे. तोवर प्रत्येक दाता समोरच्या प्रत्येक दात्याला एकदा भेटून आलेला असतो. झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. लसावि आणि मसावि शिकवताना "सर, याचा उपयोग काय?" असे कुणी विचारले तर हा भोपळा त्याच्यापुढे ठेवावा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गुणोत्तर मोठे असले की काय मिळते आणि काय जाते?

इंजिन शाफ्टला जो पीळ देते त्याला पुस्तकात बल-आघूर्ण म्हणतात आणि गॅरेजमध्ये टॉर्क. आपणही टॉर्कच म्हणू. दंतचक्रांच्या जोडीत टॉर्क जितक्या पटीने वाढतो तितक्याच पटीने फेऱ्यांचा वेग कमी होतो. दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती. ती वाढत नाही, उलट घर्षणात थोडी घटतेच. म्हणून '४.१० चा आस बसवला की गाडीची ताकद वाढते' हे वाक्य चुकीचे आहे. चाकावरचे बल वाढते, आणि त्याची किंमत इंजिनाच्या जादा फेऱ्यांत मोजावी लागते. तरफेचा नियम तोच, फक्त तरफ गोल झाली आहे.

किंमत किती ते पाहू. या गाड्यांच्या टायरचा परीघ साधारण अडीच मीटर असतो. गाडी ताशी ९० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २५ मीटर चालली आहे. तर चाकाचे सेकंदाला १० फेरे झाले, मिनिटाला ६००. त्या काळच्या एका प्रचलित चार गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गुणोत्तरे ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७० अशी होती. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे म्हणजे ६०० गुणिले ०.७० गुणिले आसाचे गुणोत्तर. ३.०८ ला सुमारे १,२९० येतात, ३.७३ ला सुमारे १,५७० आणि ४.१० ला सुमारे १,७२०. रिकाम्या गाडीला सपाट रस्त्यावर १,२९० फेरे पुरेसे आहेत. जादा फेरे म्हणजे जादा घर्षण, जादा आवाज आणि जादा पेट्रोल. मैदानी राज्यातल्या पहिल्या मालकाने ३.०८ घेतला यात त्याचे काहीच चुकले नव्हते.

आता तीच गाडी डिलनच्या चढावर नेऊ. गाडी २,१०० किलो आणि ट्रेलर १,५०० किलो, एकूण ३,६०० किलो धरू. ७ टक्के चढ म्हणजे १०० मीटर पुढे जाताना ७ मीटर वर. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध लागणारे बल ३,६०० गुणिले ९.८ गुणिले ०.०७, म्हणजे सुमारे २,४७० न्यूटन. टायर लोळण्याचा विरोध सुमारे ४२० न्यूटन धरू. ताशी ७२ किलोमीटरला हवेचा विरोध आणखी ४५० धरू. बेरीज सुमारे ३,३४० न्यूटन झाली.

इंजिन समुद्रसपाटीला ४०० न्यूटन-मीटर टॉर्क देते असे समजू. पण आपण समुद्रसपाटीला नाही! बोगद्याच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७१ टक्केच असते. साधे इंजिन प्रत्येक घोटाला तेवढाच कमी प्राणवायू आत घेते आणि टॉर्कही जवळजवळ त्याच प्रमाणात घटतो. ४०० चे २८० झाले. (टर्बोचार्जर असलेले इंजिन विरळ हवा दाबून आत घेते, त्यामुळे त्याची घट बरीच कमी असते.) चाकावरचे बल काढण्यासाठी टॉर्कला गिअरच्या आणि आसाच्या गुणोत्तराने गुणायचे, घर्षणापोटी १५ टक्के सोडायचे आणि चाकाच्या त्रिज्येने, म्हणजे ०.४ मीटरने भागायचे. दुसऱ्या गिअरमध्ये ३.०८ च्या आसाला उत्तर येते सुमारे २,९९० न्यूटन. हवेत ३,३४०. गाडी मंदावणारच. ३.७३ च्या आसाला येते सुमारे ३,६२०. गाडी चढते, आणि थोडे बल शिल्लकही राहते.

मग पहिला गिअर आहेच की, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पहिल्यात ३.०८ च्या गाडीलाही बलाची ददात नाही. पण ताशी ७२ किलोमीटरला तिचे इंजिन मिनिटाला ४,५०० फेरे घेऊ लागेल. ते खालच्या वेगालाच सोडावे लागते. ३.७३ ची गाडी त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये २,९०० फेऱ्यांवर निवांत चढते. आमच्या गाडीचा सगळा आजार या दोन गिअरमधल्या दरीत होता. ३.०६ आणि १.६३ यांच्यामध्ये जवळजवळ दुपटीचे अंतर आहे, आणि आम्हाला हवी असलेली पायरी नेमकी त्या अंतरात पडत होती. गिअरबॉक्स बिचारा वर-खाली करून ती शोधत होता, आणि तसे करताना त्याचे तेल तापत होते.

आम्हाला या प्रकरणात सर्वात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. आसाचे गुणोत्तर शक्ती देत नाही. गिअरांची जी शिडी असते ती अख्खीच्या अख्खी ते वर किंवा खाली सरकवते. त्यामुळे 'योग्य' गुणोत्तर कोणते, हा प्रश्न खरे म्हणजे 'माझ्या रोजच्या ओझ्याला आणि रोजच्या रस्त्याला शिडीची एखादी पायरी नेमकी पायाखाली येते का' असा आहे. समुद्रसपाटीजवळ असाच ७ टक्क्यांचा चढ असता तर ३.०८ च्या गाडीने दुसऱ्या गिअरमध्ये सुमारे ४,२७० न्यूटन बल दिले असते. तिथली हवा दाट म्हणून तिचा विरोध थोडा जास्त, तरीही गरज सुमारे ३,५२० च राहते. म्हणजे गाडी तीच, ओझे तेच, चढ तोच. केवळ हवा विरळ झाल्याने निवड बदलली.

पेट्रोलच्या बाबतीतही सरधोपट उत्तर फसवे ठरते. लहान गुणोत्तर म्हणजे कमी फेरे, म्हणजे बचत, हे रिकाम्या गाडीपुरते ठीक. आता हाच ट्रेलर सपाट रस्त्यावर ताशी ९० ने ओढू. लागणारे बल सुमारे १,३६० न्यूटन. चौथ्या गिअरमध्ये ३.०८ ची गाडी पूर्ण जोर लावून फार तर १,८३० देते. उरलेल्या ४७० न्यूटनमध्ये सव्वा टक्क्याच्या आसपासचा चढ निभावतो. उड्डाणपुलाचा चढ आला किंवा समोरून वारा सुटला, की गिअरबॉक्स तिसऱ्यावर येतो आणि फेरे १,८५० वर जातात. ३.७३ ची गाडी चौथ्यातच १,५७० फेऱ्यांवर जवळजवळ अडीच टक्के चढ काढते. ज्याच्या मागे रोज ट्रेलर आहे त्याला मोठे गुणोत्तर घेऊनही पेट्रोल जास्त लागेलच असे नाही. अमेरिकेतल्या कंपन्या ट्रेलरच्या वजनाची जी कोष्टके छापतात त्यांत एकाच इंजिनाला वेगवेगळ्या आसांसाठी वेगवेगळी मर्यादा दिलेली असते, ती याचसाठी. मात्र आस बदलून घेतला म्हणून ब्रेक, पाटे आणि चासी अधिक मजबूत होत नाहीत, हे अनेक हौशी लोक विसरतात.

टायर बदलताना आपण नकळत आसच बदलत असतो. रुबाबासाठी सुमारे साडेएकतीस इंच व्यासाचे टायर काढून ३५ इंचांचे घातले, तर ३.७३ चा आस परिणामाने ३.३६ सारखा वागू लागतो. वर स्पीडोमीटर चुकतो तो वेगळाच. तो १०० दाखवतो तेव्हा गाडी १११ ने धावत असते.

उताराचा विचार खरेदीच्या वेळी कोणी करीत नाही. घाटात ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, हे आपल्याकडचे जुने ड्रायव्हर सांगत आले आहेत. त्यामागे हेच गणित आहे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन जो विरोध करते तो टॉर्कसुद्धा तितक्याच पटीने वाढून चाकांपर्यंत पोचतो. ३.७३ ची गाडी ३.०८ पेक्षा त्याच गिअरमध्ये २१ टक्के जास्त आवळून धरते, शिवाय फेरे जास्त असल्याने इंजिनाचा विरोधही वाढलेला असतो. बोगद्यापासून डिलनकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी खडीचे चढते फाटे बांधून ठेवले आहेत. ते पाहिले की तापलेल्या ब्रेकच्या भरवशावर उतरण्याची हौस कमी होते.

आपल्याकडे पिकअप घेणाऱ्याला आसाचे गुणोत्तर सहसा निवडता येत नाही. कंपनीच ठरावीक ओझे गृहीत धरून ते ठरवते. त्याचा अर्थ एवढाच, की गाडीत छापील क्षमतेच्या दीडपट कांदा भरला की आपण त्या गणितातली एक बाजू परस्पर बदललेली असते, आणि दुसरी बाजू बदलण्याची सोय नसते.

अलीकडे एक मोठा बदल झाला आहे. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तयार केलेला दहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स फोर्डच्या एफ-१५० पिकअपमध्ये २०१७ च्या मॉडेलपासून आला. त्याचा पहिला गिअर ४.६९ आणि दहावा ०.६४. शिडी लांब झाली आणि पायऱ्याही जवळ आल्या. एका पायरीपासून दुसरीपर्यंत सरासरी २५ टक्क्यांचेच अंतर. आता ३.०८ आणि ३.७३ यांतला फरक आठवा. तो आहे २१ टक्के. म्हणजे या गिअरबॉक्समध्ये आस बदलणे हे जवळपास एक गिअर वर-खाली करण्यासारखेच झाले. पूर्वी चार गिअरच्या गाडीत ज्या निवडीवर सगळे अवलंबून असे, तिचे महत्त्व इथे बरेच घटले आहे. फक्त दोन टोकांना ते शिल्लक राहते. भरलेल्या ट्रेलरसह चढावर जागेवरून निघताना पहिल्या गिअरच्या खाली आणखी पायरी नसते आणि रिकाम्या गाडीला दहाव्याच्या वर नसते. १९९० च्या दशकातला सल्ला आजच्या गाडीला जसाच्या तसा लावणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी आधी गिअर मोजावेत.

आता मिस्त्रीच्या दोन फेऱ्यांचे कोडे. डिफरन्शियलमुळे क्राऊनचे फेरे हे नेहमी दोन चाकांच्या फेऱ्यांची सरासरी असतात. एक चाक जमिनीवर थांबलेले, म्हणजे त्याचे फेरे शून्य. दुसरे दोनदा फिरवले तर सरासरी एक. क्राऊनचा बरोबर एक फेरा झाला, आणि शाफ्टचे जितके फेरे मोजले तितके गुणोत्तर. गावातल्या गॅरेजमध्ये मागच्या चाकांवर चालणारी कोणतीही साधी गाडी असेल तर वरच्या वर्गातल्या मुलांना हा प्रयोग दाखवता येईल. गाडी सपाट जमिनीवर हवी, इंजिन बंद आणि गिअर न्यूट्रलमध्ये हवा. हँडब्रेक बहुधा मागच्याच चाकांना लागतो, म्हणून तो सोडावा लागतो. अशा वेळी जमिनीवरच्या तिन्ही चाकांना पुढून-मागून पक्की उटी लावणे आणि आसाखाली जॅकशिवाय भक्कम स्टँड देणे अत्यावश्यक आहे. हे सर्व मिस्त्रीनेच करावे. मुलांनी दूर उभे राहून खडूच्या खुणा मोजाव्यात, गाडीखाली कोणीही जाऊ नये. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी वर्गात सायकल उलटी ठेवावी. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक २.४४ वेळा फिरते. इथे गणित पिकअपच्या उलट आहे. का, ते मुलांनाच विचारावे.

आमच्या सहकाऱ्याने पुढे काय केले? क्राऊन आणि पिनियन एकमेकांवर घासून जुळवलेली जोडी असते, ती जोडीनेच बदलावी लागते आणि दात्यांमधली फट हजारांश इंचांच्या हिशेबात बसवावी लागते. त्यातून त्याची गाडी चारही चाकांवर चालणारी. पुढच्या आसाचे गुणोत्तर मागच्याशी जुळलेच पाहिजे, नाहीतर दोन्ही आस एकमेकांशी भांडून काहीतरी मोडतात. म्हणजे खर्च दुप्पट. त्याने कागदावर मांडून पाहिले. वर्षातून बोगद्यापलीकडे ट्रेलर न्यायचे दिवस दोन, रिकाम्या गाडीने सपाट रस्त्यावर कामावर जायचे दिवस अडीचशे. त्याने ३.०८ तसाच ठेवला. पुढच्या खेपेला आम्ही उपकरणे दोन फेऱ्यांत आणली, डिलनलाच गिअरचा दांडा पहिल्यावर टाकला आणि उजव्या मार्गिकेतून ताशी ५० किलोमीटरने बोगदा गाठला. काटा जागचा हलला नाही.